वाचकाने निवडायची गोष्ट

वाचता वाचता एका शब्दावर बोट टेकवावं आणि गोष्टीनं वेगळंच वळण घ्यावं, असं साहित्य आज संगणकावर आणि मोबाइलवर लिहिलं जातं. छापील पुस्तकात ते मावत नाही, त्यामुळे प्रकाशकही सहसा मिळत नाही. मग या लेखकांनी जायचं कुठं?

एक वाट २००९ साली खुली झाली. क्रिस क्लिमस यांनी ‘ट्वाइन’ हे मोफत साधन तयार केलं. त्यात प्रत्येक प्रसंगाची एक चौकट असते. पुढच्या प्रसंगाचं नाव दुहेरी चौकटी कंसात लिहिलं, की दोन्ही प्रसंग जोडले जातात. प्रोग्रॅमिंग यायलाच हवं असं नाही. तयार कथा एका एचटीएमएल फाइलमध्ये बसते आणि ब्राउझरमध्ये उघडते.

ती वाचकांपर्यंत न्यायला मंच हवा. २०१३ साली लीफ कॉर्कोरन यांनी ‘इच डॉट आयओ’ सुरू केलं. तिथं किंमत निर्माता ठरवतो, वाचक आपखुशीनं जास्तही देऊ शकतो. विक्रीतला किती वाटा मंचाला द्यायचा, हेही निर्मात्याच्याच हाती ठेवलं गेलं.

मंच उभारताना जतनाचा विचार मात्र पहिल्या दिवसापासून हवा. ३१ डिसेंबर २०२० रोजी अडोबी कंपनीनं ‘फ्लॅश’ या आपल्या तंत्राचा आधार थांबवला आणि त्यात रचलेल्या कितीतरी कविता-कथा ब्राउझरमध्ये उघडेनाशा झाल्या.

ट्वाइनमध्ये देवनागरीतही लिहिता येतं. तेव्हा नव्या लेखकांनो, एखादी छोटी कथा जरूर रचून पाहा आणि तिची मूळ फाइल स्वतःपाशी जपून ठेवा.