वजावट : एक शब्द, दोन हिशेब

(सुवर्णमहोत्सवी सभेत दिलेले भाषण)



आम्ही शाळेत गणित शिकवतो, म्हणून हिशेबावर चार शब्द बोलण्याची आज्ञा झाली. मात्र आजचा हिशेब आम्ही स्वतःच चुकलो होतो, हे आधी कबूल करतो.

'वजावट' हा शब्द प्राप्तिकरात येतो, तसा विम्यातही येतो. करात वजावट म्हणजे उत्पन्नातून वगळली जाणारी रक्कम. तिचा लाभ आपल्याला. विम्यात वजावट, म्हणजेच डिडक्टिबल, हा खर्चाचा आपण सोसावयाचा पहिला भाग. तिचा भार आपल्यावर.

आम्ही अम्मींसाठी ३ लाख वजावटीचा टॉप-अप विमा घेतला. हप्ता थोडा, म्हणून खुशीत होतो. त्याच वर्षी त्यांना दोनदा इस्पितळात ठेवावे लागले. एकदा हृदयविकाराने, एकदा पाय मोडून. दर वेळी बिल २ लाख. एकूण ४ लाख झाले, तेव्हा वरचे १ लाख मिळणारच, असे आम्ही धरून चाललो. परंतु साध्या टॉप-अपमध्ये वजावट दर दाव्याला वेगळी लागते. एकही बिल ३ लाखांपुढे गेले नव्हते. हाती पैसाही आला नाही. सुपर टॉप-अप असता, तर वर्षाची बिले एकत्र धरली गेली असती. अट विमापत्रात छापलेली होती. आम्ही वाचली नव्हती. अम्मींच्या बांगड्या त्या वर्षी गेल्या.

करातही असाच भ्रम होतो. १०,००० रुपये देणगी दिली म्हणजे कर १०,००० रुपयांनी उतरत नाही. देणगीवर ५० टक्के वजावट असेल, तर उत्पन्नातून ५,००० रुपये वजा होतात. २० टक्के दराने कर वाचतो १,००० रुपये आणि उपकराचे ४० रुपये. तोही जुनी करपद्धती निवडणाऱ्यास. नव्या पद्धतीत ही सवलत नाही. शिवाय २,००० रुपयांवरील रोख देणगीला वजावट मिळत नाही. म्हणून चेकने द्यावी, पावती जपावी. आणि द्यावी ती गरजवंतासाठी, कराकडे पाहून नव्हे.

विमा घेताना तीन प्रश्न विचारावेत. वजावट किती? ती दर दाव्याला की वर्षाला? आणि तेवढी रक्कम आपल्या घरात आहे काय? तिसऱ्याचे उत्तर 'नाही' असेल, तर स्वस्त हप्ता हा स्वस्त नव्हे.

ज्यांना शंका असेल, त्यांनी रविवारी सकाळी आपले विमापत्र घेऊन संस्थेच्या कार्यालयात यावे. चष्मा लावून एकत्र बसू आणि वाचू.