प्रसूतिगृहात सर्वांसाठी एकच नियम



आपल्या मोहल्ल्यांतल्या कितीतरी आपा, खाला, ताई प्रसूतिगृहांत नर्स, आया किंवा सफाई कामगार आहेत. बाळंतपण म्हटलं की आपण आई आणि बाळाची काळजी करतो, ते योग्यच आहे. आज मला बोलायचं आहे ते त्या खोलीत काम करणाऱ्या बाईबद्दल.

बाळंतपणात रक्त टाळता येत नाही. गर्भजल अंगावर उडतं. नाळ कापताना चिळकांडी डोळ्यांपर्यंत येऊ शकते. टाके घालताना सुई बोटात शिरते. वार हाताने काढावी लागली तर मनगटाच्या वरपर्यंत हात रक्तात जातो. एचआयव्ही, हेपॅटायटिस बी आणि सी याच वाटांनी येतात. बाधित रक्ताची सुई टोचली तर एचआयव्हीचा धोका साधारण ०.३ टक्के असतो. हेपॅटायटिस बीचा मात्र, लस घेतली नसेल तर, ६ ते ३० टक्के. आपण घाबरतो एचआयव्हीला, आणि हेपॅटायटिस बीची लस असूनही ती घ्यायची राहून जाते.

मग काळजी कोणाच्या बाबतीत घ्यायची? नाव, वस्ती, नवऱ्याचा धंदा बघून अंदाज बांधणं हे अपमानकारक आहेच, शिवाय निरुपयोगी आहे. लागण झाल्यावर सुरुवातीचे काही आठवडे चाचणी निगेटिव्ह येऊ शकते. अनेकांना लक्षणंही नसतात. म्हणूनच १९८७ साली अमेरिकेच्या सीडीसी या संस्थेने सांगितलं, की प्रत्येक रुग्णाच्या रक्तातून संसर्ग होऊ शकतो असं धरूनच काम करा. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांनाही हे पटतं: बाहेरून आलेली माहिती तपासायचीच, पाठवणारा ओळखीचा असला तरी. सर्वांना एकच नियम लावला की नर्सही सुरक्षित राहते आणि कोणत्याही आईवर शिक्का बसत नाही.

हा नियम साधा आहे. हातमोजे, प्लास्टिकचा एप्रन, मास्क, चष्मा, बंद बूट. टाक्यांची सुई बोटांनी नाही, चिमट्याने धरायची. वापरलेल्या इंजेक्शनच्या सुईला टोपण पुन्हा लावायचं नाही. ती थेट पांढऱ्या, सहज न फुटणाऱ्या डब्यात टाकायची.

तरीही सुई टोचली तर साबण-पाण्याने धुवा, जखम पिळू नका. डोळ्यात रक्त उडालं तर नुसत्या पाण्याने धुवा. लगेच डॉक्टरांना सांगा. एचआयव्ही रोखणारी औषधं शक्यतो २ तासांत, उशिरात उशिरा ७२ तासांत सुरू व्हायला हवीत आणि ती २८ दिवस घ्यायची असतात. नोकरीच्या भीतीने गप्प बसलं तर हीच वेळ हातातून जाते.

यात मालकाची मेहेरबानी नाही. २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांनुसार असा कचरा हाताळणाऱ्या कर्मचाऱ्यांना हेपॅटायटिस बी आणि धनुर्वाताची लस देणं रुग्णालयावर बंधनकारक आहे. २०१७ च्या एचआयव्ही कायद्यानुसार संरक्षक साधनं, प्रशिक्षण आणि ही औषधं पुरवायची जबाबदारीही त्यांचीच. त्याच कायद्याने एचआयव्हीबाधित व्यक्तीशी उपचारात भेदभाव करायलाही मनाई केली आहे. दोन्ही हक्क एकाच कायद्यात आहेत, हे लक्षात ठेवा.

आपल्या भागातल्या प्रसूतिगृहात जाऊन तीन गोष्टी विचारूया: आया आणि सफाई कामगारांना लस दिली का? सुयांचा डबा आहे का? रात्री दोन वाजता सुई टोचली तर औषध कुठे मिळेल?

आणि घरी कोणी हे काम करत असेल, तर तिला आजच विचारा: हेपॅटायटिस बीचे तिन्ही डोस पूर्ण झाले का?