वीस मिनिटांचा शब्द
(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



नोकरीनिमित्त परप्रांतात स्थायिक झालेल्या आम्हां अभियंत्यांना कार्य पार पाडण्याचे पहिले धडे या मंडळाच्या गणेशोत्सवाने दिले. मांडव, पंगत, पाहुण्यांची उतरण्याची सोय, स्टेशनवर कोणी जायचे, हे सारे तांत्रिक परिषदेतही तसेच असते. आम्हांला अवघड गेले ते वेळापत्रक.

उद्घाटन लांबते, सत्कार लांबतात, आणि तो उशीर सरकत सरकत शेवटच्या निबंधवाचकापाशी येऊन थांबतो. आम्ही भरविलेल्या एका परिषदेत दोन रात्रींचा प्रवास करून आलेल्या तरुण संशोधकाच्या वाट्याला वीसऐवजी सहाच मिनिटे आली. निम्मे श्रोते गाडी गाठण्यासाठी निघून गेले होते. तो काही बोलला नाही. निबंधाची पाने जुळवून पिशवीत ठेवली आणि निघून गेला. चूक सर्वस्वी आमची होती. पुढल्या वर्षी आम्ही त्याला आग्रहाचे पत्र लिहिले; उत्तर आले नाही.

त्यानंतर आम्ही जुन्या परिषदांचे वृत्तान्त वाचू लागलो. १८६० च्या सप्टेंबरात जर्मनीतील कार्ल्सरुहे येथे सुमारे १४० रसायनशास्त्रज्ञ तीन दिवस जमले. कल्पना केकुले यांची, स्थानिक व्यवस्था वेल्टझीन यांची. अणुभारांविषयी एकमत झाले नाही. मात्र अखेरीस कानिझ्झारो यांची छापील पुस्तिका पावेसी यांनी उपस्थितांना वाटली. लोथर मायर यांनी ती परतीच्या वाटेवर वाचण्यासाठी खिशात टाकली, घरी पुन्हा पुन्हा वाचली, आणि त्यांचे संशय फिटले. सभेत न पटलेले छापील कागदाने पटविले. मेंडेलीव्हही तेथे होते. त्यांची आवर्त सारणी १८६९ ची.

आपल्याकडे भारतीय विज्ञान परिषदेचे पहिले अधिवेशन १५ ते १७ जानेवारी १९१४ रोजी कलकत्त्यास एशियाटिक सोसायटीच्या वास्तूत, आशुतोष मुखर्जी यांच्या अध्यक्षतेखाली भरले. विभाग सहा, निबंध ३५. म्हणजे सरासरीने प्रत्येक विभागात दिवसाला दोनच निबंध!

आमचा हिशेब निराळा होता. दिवसाची ४८० मिनिटे. भोजनाचा एक तास आणि चहाचे दोन अर्धे तास वजा जाता उरतात ३६०. वीस मिनिटे वाचन आणि दहा मिनिटे चर्चा धरली, तर एका सभागृहात बाराच निबंध बसतात. आम्ही अठरा कोंबले होते!

आता आम्ही काही नियम पाळतो. सत्कार रात्रीच्या भोजनापूर्वी. निबंध आधी छापून प्रत्येकाच्या हाती. पाहुण्यांच्या परतीच्या गाड्या विचारूनच क्रम लावायचा. नवोदितांस सकाळची वेळ, आणि शेवटचा तास मोकळ्या चर्चेसाठी राखीव. उशीर झालाच तर तो त्या तासाने सोसावा. अध्यक्षांची घंटा लहानथोर सर्वांस सारखीच.

हे काम आता मंडळातील तरुणांकडे जात आहे. त्यांस एवढेच सांगणे, की वेळापत्रकात छापलेली वीस मिनिटे हा यजमानाने पाहुण्यास दिलेला शब्द असतो. आमच्याकडून तो एकदा मोडला. आपण तो मोडू देऊ नये.