जुन्या फिल्म फेकू नका



जठराच्या मागे, कण्यालगत स्वादुपिंड असतं. त्याला वर्षानुवर्षं सूज राहिली की वरचं पोट दुखतं, कळ पाठीत जाते, वजन घटतं. स्वादुपिंडाच्या कर्करोगातही हेच होतं. गोव्याचे मुख्यमंत्री मनोहर पर्रीकर २०१९ साली याच कर्करोगाने गेले. आपण मात्र 'ॲसिडिटी आहे' म्हणून गोळी घेतो.

साध्या सोनोग्राफीत आतड्यातला वायू आड येतो. शिरेतून औषध सोडून केलेल्या सीटी स्कॅनमध्ये जुन्या सुजेचे खडे, वेडीवाकडी फुगलेली नळी दिसते. कर्करोगात बहुधा गाठ दिसते आणि नळी तिथे एकदम बंद झालेली असते. पण सूजही कधी गाठीसारखीच दिसते. मग तोंडावाटे दुर्बिणीतून सोनोग्राफी करतात आणि सुईने नमुना घेऊन तपासतात.

जुनी सूज असलेल्यांना कर्करोगाचा धोका जास्त. म्हणून हिंगोली-नांदेडला दाखवायला जाताना आधीच्या फिल्म, सीडी, रिपोर्ट सोबत न्या. जुन्याशी ताडून पाहिलं की नवीन काय वाढलं ते डॉक्टरांना कळतं. डोळे पिवळे झाले, वजन झपाट्याने उतरलं, तर 'जुनंच दुखणं' म्हणून घरी बसू नका. पेरणी-काढणी मागे राहू द्या, आधी दवाखाना गाठा.