फळांसाठी एक भाजणी

थालीपिठाची भाजणी डब्यात असली म्हणजे अवेळी आलेल्या पाहुण्याची मराठी गृहिणीला धास्ती वाटत नाही. धान्ये भाजण्यादळण्याचे कष्ट एकदाच घ्यावयाचे. पुढे त्याच डब्यातून कधी थालीपीठ, कधी वडे, तर कधी मोकळ भाजणी. आज मी जे सांगणार आहे, ते याच जातीचे, परंतु फळांच्या उपयोगाचे आहे.

अमेरिकेत फळांच्या फोडींवर मऊ पिठाचे गोळे ठेवून भाजलेल्या पदार्थास ‘कॉबलर’ म्हणतात. नव्या मुलुखात वस्ती करणाऱ्या कुटुंबांजवळ भट्टी नसे. जाड लोखंडी भांडे विस्तवावर ठेवून, झाकणावरही निखारे पसरून ती हा पदार्थ भाजीत. दमाच्या बिर्याणीसाठी झाकणावर निखारे ठेवणाऱ्या हैदराबादकरांस ही रीत परकी वाटू नये! पुढे १९३१ साली तेथे ‘बिस्क्विक’ हे तयार पीठ बाजारात आले आणि अशा पिठांच्या पाकिटांची प्रथा रूढ झाली. परंतु पाकिटावाचून आपले काहीच अडत नाही.

अर्धा किलो मैदा, सहा सपाट चहाचे चमचे बेकिंग पावडर आणि एक चमचा मीठ तीनदा चाळून घट्ट झाकणाच्या डब्यात भरावे. निम्मी कणीक घातली तरी चालते. मात्र दोन पथ्ये पाळावीत. ओला चमचा डब्यात जाऊ देऊ नये. कारण बेकिंग पावडरीतील सोडा व आम्ल यांना ओल लागली की जो वायू पदार्थ फुगवितो, तो डब्यातच निघून जातो. दुसरे, साखर व लोणी आधी मिसळू नये. लोण्याला खवट वास येतो आणि साखर घातलेले पीठ तिखटमिठाच्या पदार्थास निरुपयोगी ठरते. पाकिटापेक्षा घरचा डबा अधिक कामाचा, तो याचसाठी.

आता उपयोग पाहू. आपल्या शहराचा मानाचा गोड पदार्थ म्हणजे खुबानी का मीठा. पाव किलो जर्दाळू रात्रभर भिजवून, बिया काढून, त्याच पाण्यात थोड्या साखरेसह मऊ शिजवावेत. डब्यातील पाव हिस्सा पीठ घेऊन त्यात दोन मोठे चमचे साखर व पन्नास ग्रॅम थंड लोणी बोटांनी चोळावे आणि सुमारे नव्वद मिलिलिटर दुधात सैलसर कालवावे. जर्दाळूंवर त्याचे लहान गोळे सोडून १९० अंशांवर अर्धा तास भाजावे. ओव्हन नसेल तर जाड बुडाच्या मोठ्या पातेल्यात मिठाचा थर देऊन, ते तापवून, आत कडे ठेवावे व त्यावर भांडे ठेवून झाकण घालावे. मंद आचेवर पाऊण तास पुरतो. वरचा रंग फिकट राहील, चव मात्र उणी होणार नाही. बिया फोडून आतील गर वर पसरावा. पण गर कडू लागला तर तो टाकून द्यावा, कारण कडू गर विषारी असतो.

उन्हाळ्यात बेनिशान आंब्यांची पेटी एकदम पिकते, पेरू एका रात्रीत मऊ पडतात. अशा वेळी डाग कापून उरलेल्या फोडी याच रीतीने वापराव्यात. आंबूस वास आलेले किंवा बुरशी धरलेले फळ मात्र काटकसरीच्या नावाखाली मुलांच्या ताटात जाता कामा नये.

केळी काळी पडली तर ती कुस्करून, पीठ, दूध व एक अंडे घालून तव्यावर धिरडी घालावीत, अथवा तेच मिश्रण इडलीपात्रात वाफवावे. बालानगरचे सीताफळ हे फळ निराळे! त्याचा गर शिजविला की कडवट होतो. म्हणून पीठ तुपासाखरेत चोळून मंद आचेवर तांबूस भाजावे आणि निवल्यावर थंड गरावर भुरभुरावे. तिखटाची आवड असणाऱ्यांनी रसदार भाजीवर साखरेवाचूनचे गोळे सोडून, झाकण ठेवून, वीस मिनिटे शिजवावेत.

श्रोतेहो, दिवसभर नोकरी करून घरी परतणाऱ्या स्त्रीजवळ संध्याकाळी वेळ थोडा आणि शक्ती त्याहून थोडी असते. फळ विकत घ्यावयाचे, ते चिरावयास सवड मिळावयाची नाही आणि चौथ्या दिवशी ते कचऱ्यात टाकावयाचे, हे अनेक घरांत घडते. त्या फळाबरोबर तिच्या कष्टाचा पैसाही जातो. रविवारी पंधरा मिनिटे खर्चून भरलेला एक डबा हे नुकसान पुष्कळ अंशी टाळू शकतो. मात्र तो भरावयाचे काम तिच्या एकटीवरच पडू नये. पीठ चाळणे मुलांना येते, आणि घरातील पुरुषांनाही ते येण्यास हरकत नाही!