जुन्या फिरत्या घरांतील आग



१९५० साली जर्मनीतील फोक्सवॅगन कारखान्याने एक डबेवजा मोटार बाजारात आणली, आणि पुढल्याच वर्षी वेस्टफालिया या कारखानदारांनी तिच्यात निजण्याबसण्याची सोय करून तिचे घर बनविले. पुढे इराण-अफगाणिस्तानमार्गे गोव्याच्या किनाऱ्यावर उतरलेल्या तरुण प्रवाशांपैकी कित्येक याच गाडीतून आले. त्या पिढीच्या गाड्या युरोपात आजही हजारोंनी हौसेने जपलेल्या आहेत. त्यांचे इंजिन असते पाठीमागे आणि त्याच्यावरच्या फळीवर रात्री मुले निजतात. म्हणून या गाडीला लागणारी आग आम्ही घराला लागणारी आगच समजतो.

ही आग बहुधा इंजिनाच्या दोषाने लागत नाही. ती लागते हातभर रबरी नळीमुळे. पेट्रोलची टाकी इंजिनाच्या लगत, पत्र्याच्या एका पडद्याआड बसविलेली असते. पडद्याच्या भोकातून नळी इंजिनाकडे जाते. भोकाच्या कडेला रबराचे कडे असते. ते वाळून गळाले की पत्र्याची धार नळीला कापू लागते. शिवाय मूळची जर्मन नळी वरून सुती वेष्टणाची. वेष्टण दिसायला धडधाकट आणि आत रबराला तडे! वरून पाहणाऱ्याला काही कळतच नाही.

रबर मैलांनी म्हातारे होत नाही, वर्षांनी होते. वर्षातून चारदा निघणारी, एरवी शेडमध्ये झाकून ठेवलेली गाडी सुरक्षित, हा समज म्हणूनच घातक आहे. त्यात पेट्रोलमधल्या इथेनॉलने जुने रबर फुगते, नरम पडते, चिरते. १० टक्के इथेनॉलचे पेट्रोल जर्मनीत २०११ साली आले, ब्रिटनमध्ये २०२१ साली. आपल्याकडे तर २०२५ मध्ये हे प्रमाण २० टक्क्यांवर गेले. ज्यांच्या घरी वडिलांची जुनी स्कूटर आहे, त्यांनीही हे ऐकून ठेवावे.

दुसरी जागा कार्बोरेटरची. त्याच्या तोंडाशी पितळेची एक छोटी नळकांडी नुसती दाबून बसविलेली असते. वर्षानुवर्षांच्या हादऱ्यांनी ती सैल होते. पुष्कळ मालक पेट्रोल गाळण्यासाठी एक वजनदार गाळणी नेमकी तिच्याच अलीकडे लोंबती ठेवतात. मग एके दिवशी नळकांडी निसटते आणि पंप पेट्रोलची पिचकारी मारू लागतो. जवळच ठिणग्या वाटणारा डिस्ट्रिब्यूटर! याला उपाय सोपा आहे. गाळणी पडद्याच्या पलीकडे, टाकीच्या बाजूला न्यावी आणि नळकांडी कारागिराकडून आटे पाडून पक्की करून घ्यावी.

नळ्या बदलताना तुकड्यांत बदलू नयेत, सगळ्या एकदम बदलाव्या, आणि इथेनॉल सोसणाऱ्याच घ्याव्या. नळीवर 'जे-तीस आर-नऊ' असा छाप असतो. दर काही वर्षांनी हे पुन्हा करायचे. रंगावर आणि पडद्यांच्या कापडावर हजारो खर्चणारे गृहस्थ एवढ्याशा नळीपाशी काटकसर करतात, याचे आम्हांला नवल वाटत आले आहे.

सफरीला निघण्यापूर्वी इंजिनाचे झाकण उघडून नाक खुपसावे. पेट्रोलचा वास येत असेल तर चावी फिरवू नये. जुनी गाडी म्हटली की थोडा वास यायचाच, असे कुणी म्हणेल. त्याचे ऐकू नये. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती कप्प्यात खाली साचून राहते.

आणि आग लागलीच तर? आधी चावी बंद. म्हणजे पंप थांबतो आणि इंजिनावर वारा घालणारा पंखाही थांबतो. मग माणसे बाहेर. कोरड्या भुकटीचा अग्निशामक चालकाच्या हाताशी असावा, मागे गादीखाली नव्हे. झाकण सताड उघडले की भडका उडतो. फटीतूनच भुकटी मारावी. यासाठी क्षणच मिळतात, कारण या इंजिनाचे कवच मॅग्नेशियमच्या मिश्रधातूचे असते. ते एकदा पेटले की पाण्याने विझत नाही. पाण्यातून हायड्रोजन सुटून आग अधिकच भडकते. बादली घेऊन धावणाऱ्याला मागे खेचावे, आणि बंबवाल्यांना बोलावतानाच सांगून ठेवावे की इंजिन मॅग्नेशियमचे आहे.