रिमवर बसला, पण जुळला का?

एप्रिल लागला, की ब्रॅम्पटनच्या गराजांबाहेर टायर बदलायला रांगा लागतात. याच दिवसांत बर्फ वितळून बोव्हेर्डपासून स्टील्सपर्यंत रस्त्यांना खड्डे पडलेले असतात. एखाद्या खड्ड्यात टायर फाटतो आणि आपण म्हणतो, एकच गेलाय ना, मग एकच आणू. किजिजीवर वापरलेला मिळतो, रिम सतरा इंचाचीच असते, बसतो. पण रिमवर बसणं वेगळं आणि बाकीच्या तिघांशी जुळणं वेगळं. आज मला एवढंच सांगायचंय आणि ते मी पुन्हा पुन्हा सांगणार आहे.

आपल्या घरोघरी असलेल्या छोट्या एसयूव्हीचं उदाहरण घ्या. २२५/६५ आर १७ हा टायर सुमारे ७२४ मिलिमीटर उंच. २२५/६० आर १७ साधारण ७०२. रुंदी तीच, रिम तीच, उंचीत फरक जेमतेम बोटभर. पण तो धाकटा टायर दर किलोमीटरला सुमारे चौदा फेरे जास्त मारतो. ब्रॅम्पटनहून नायगारा साधारण १२० किलोमीटर. म्हणजे पाहुण्यांना धबधबा दाखवायला नेलंत, तर एकेरी वाटेतच सोळाशे-सतराशे फेरे जास्त. हा फरक कुणीतरी सोसायचा असतो ना?

गावाकडे बैलजोडी पाहिलेल्यांना हे चटकन कळेल. एक बैल उंच, एक ठेंगणा, असे एका जुवाला जुंपले तर जू तिरकं होतं, गाडी एका अंगाला ओढते, खांदे सोलून निघतात. दोन्ही बैल एकेकटे उत्तम असतील, पण जोड चुकली. गाडीत हे जू म्हणजे डिफरन्शियल. डावं-उजवं चाक वेगवेगळ्या वेगानं फिरवण्याची सोय त्यात असते, पण ती वळणापुरती. टायर लहान-मोठे असले की सरळ हायवे ४१० वरसुद्धा आतले छोटे गिअर सतत एकमेकांवर फिरत राहतात.

ऑल-व्हील ड्राइव्ह असेल तर आणखी एक जू असतं, पुढच्या आणि मागच्या चाकांमधलं. त्यातल्या क्लचच्या चकत्या घासत राहतात, तेल तापतं, आणि पार्किंग लॉटमध्ये पूर्ण स्टिअरिंग वळवलं की गाडी अडखळते, थरथरते. ही थरथर अंगावर काढू नका. शंभर-दीडशे डॉलर वाचवायला आणलेला टायर तिथे हजारोंचं बिल करून ठेवतो, आणि टायर मात्र धडधाकट दिसतो!

आता ज्याकडे लोकांचं लक्षच जात नाही ते ऐका. शेतकरी जोड शोधताना बैलाचं वयही बघतो. टायरचं वय म्हणजे त्याची नक्षी. नव्या टायरची नक्षी साधारण ८ मिलिमीटर खोल. तुमचे तीन टायर झिजून ४ वर आले असतील, तर त्याच मापाचा, त्याच कंपनीचा कोरा टायरसुद्धा परिघानं सुमारे अडीच सेंटीमीटर मोठा. ऑल-व्हील ड्राइव्ह बनवणाऱ्या काही कंपन्या परिघात पाव इंचापेक्षा जास्त फरक चालवून घेत नाहीत. तेव्हा नुसते आकडे जुळवू नका, नक्षीही मोजा. ओंटारिओत कायद्याची किमान मर्यादा १.५ मिलिमीटर आहे, पण तोवर टायर गोटा झालेला असतो. तिथवर जायचंच कशाला?

एबीएसचंही तेच. प्रत्येक चाकाचा सेन्सर वेग मोजतो. एक चाक कायम जास्त फिरतंय म्हटल्यावर गाडीला वाटतं, ते घसरतंय. दिवा लागतो, ट्रॅक्शन कंट्रोल नको तिथे मध्ये पडतं. आणि आपण तो दिवा लागलेला ठेवून महिनोन्‌महिने फिरतो. अहो, बर्फात ज्याच्या भरवशावर मुलांना शाळेत सोडता, तेच गोंधळलेलं आहे!

हिवाळ्यासाठी लहान रिम घ्यायला हरकत नाही. २२५/७० आर १६ ची उंची ७२१ मिलिमीटर होते, २२५/६५ आर १७ च्या जवळजवळ तेवढीच. फक्त ब्रेकला रिम घासत नाही ना, हे आधी बघा, आणि घ्याल ते चार घ्या. क्युबेकसारखी ओंटारिओत विंटर टायरची सक्ती नाही, पण चार लावले तर २०१६ पासून विमा कंपन्यांना सवलत द्यावी लागते. दोनच पुढे लावले तर ब्रेक मारताना गाडीचं शेपूट फिरतं.

ड्रायव्हरचं दार उघडा, चौकटीवर स्टिकर आहे. त्यावरचं माप आणि चारही टायरवरचं माप आज घरी गेल्यावर टॉर्च घेऊन वाचा. मागचे टायर मुळातच रुंद दिलेल्या काही स्पोर्ट्‌स गाड्या असतात, त्यांचं स्टिकरच तसं सांगतं.

ट्रकवाल्या भावांसाठी मागच्या जोड-चाकांबद्दल बोलायचं होतं. तिथे उंच टायर जास्त भार उचलतो, तापतो, आणि शेजारचा नुसता फरफटत... पण वेळ होत आली. डिकीतल्या डोनटवर, म्हणजे छोट्या स्पेअर चाकावर, फिरणाऱ्यांनी तेवढं लक्षात ठेवा, तो गराजपर्यंतच्या वाटेपुरता आहे, ताशी ८० च्या वर नाही, आणि हायवे ४०१ वर तर नेऊच नका.